उजवं वळण

मानेच्या किंवा पाठीच्या मणक्यांना टीबी झाला आहे असं ज्याला आजच कळलं असेल, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. त्याच्या आधी त्याच्या घरच्यांनी वाचलं तरी चालेल, कारण त्याला पुस्तक हातात धरता येत असेलच असं नाही. मला येत नव्हतं. औषधांची नावं आणि मणक्यांचे नंबर यात नाहीत, ते डॉक्टरांना विचारा. मी जीव वाचून, दोन्ही पायांवर चालत घरी आलो, एवढं मात्र आधीच सांगून टाकतो. मी पडून असताना कुणी धीर द्यायला एखाद्याची गोष्ट सांगायला लागलं की मी पहिल्यांदा विचारायचो, "तो जगला का?" लोकांना ते आवडायचं नाही. पण पडलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

रिकामी कॉलनी

मी उज्जैनचा. वडील टपाल खात्याच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून इथे आले आणि इथलेच झाले. मी टेलिफोन खात्यात लागलो. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उघडत होते, तेव्हाचे हे दिवस. वडिलांनी स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. मी दुकानात गेलो आणि त्याच संध्याकाळी शंभर सीसीची नवी मोटरसायकल घेऊन घरी आलो. आईनं तिला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता हिच्यावरून पडू नको म्हणजे झालं."

नानाखेड्याच्या पलीकडे तेव्हा एक नवी कॉलनी कापलेली होती. डांबरी रस्ते झाले होते, विजेचे खांब उभे होते, मधोमध गोल बगीच्याची जागा सोडलेली होती. घर मात्र एकही नव्हतं. लोकांनी प्लॉट घेऊन ठेवले होते आणि भाव चढायची वाट बघत होते. त्या रिकाम्या रस्त्यांवर आम्ही चारपाच जण रविवारी सकाळी मोटरसायकलनं वळणं घ्यायला शिकायचो.

आई विचारायची, "वळायला काय शिकायचं असतं? रस्ता वळला की आपण वळायचं." तिला वाटायचं हे रिकामटेकड्यांचे धंदे आहेत, आणि ते तसे होतेही. पण नवी गाडी सगळ्यांनी घेतली होती आणि चालवता कुणालाच येत नव्हती. सरळ रस्त्यावर सगळे शूर. वळण आलं की घाबरून ब्रेक दाबायचे आणि चप्पल रस्त्यावर घासत न्यायचे. माझा शाळेपासूनचा मित्र प्रदीप देव फ्रीगंजच्या एका बँकेत होता. त्याला त्याच्या भावाकडून मोटरसायकलींची परदेशी मासिकं यायची. ती वाचून तो आमचा गुरुजी झाला. दुसरे शर्माजी. देवास गेटला त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान, पोट टाकीवर टेकेल एवढं, पण वळणात शिरले की बघत राहावं.

प्रदीपचे नियम सोपे होते. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. कोपरं सैल. आणि सगळ्यात मोठा नियम नजरेचा. गाडी तिकडेच जाते जिकडे तुम्ही बघता. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. म्हणून वळणात शिरायच्या आधीच मान फिरवायची, हनुवटी खांद्याजवळ आणायची आणि वळण जिथे संपतं तिथे बघायचं. माणूस खरंच तिथे बघतो आहे का हे तपासायला प्रदीपनं एक रीत काढली. तो वळणाच्या पलीकडच्या टोकाला उभा राहून हात वर करायचा, आणि शिरणाऱ्यानं त्याची किती बोटं वर आहेत ते ओरडून सांगायचं. चुकला त्यानं सगळ्यांना पोहे-जलेबी खिलवायची.

मला हे लवकर जमलं. प्रदीपपेक्षा चांगलं जमलं, आणि त्यानंही ते कबूल केलेलं आहे. आठवडाभर शिडीवर चढून लोकांच्या शिव्या खात तारा जोडायच्या आणि रविवारी गाडी एका बाजूला झुकवून, नीट, न घाबरता वळण पार करायचं. त्या वेळी मला जे सुख व्हायचं तसं दुसऱ्या कशानंच झालेलं नाही.

मग एका थंडीत माझं उजवं वळण बिघडलं.

डावीकडे मी पूर्वीसारखाच वळत होतो. उजवीकडे वळताना मात्र गाडी बाहेर जायची, थेट कडेच्या गिट्टीत. प्रदीपची बोटं मला दिसायचीच नाहीत.

"मध्या," प्रदीप ओरडायचा, "मान वळव ना. खांदे कशाला फिरवून राहिला?"

"वळवतो तर आहे."

"कुठे वळवतो? हनुवटी बघ आपली, नाकासमोर आहे."

शर्माजी म्हणाले, "भिया, अकड़ आ गई है आपमें. ढीला छोड़ो."

मान दुखत होती, पण सगळ्यांना वाटलं की चुकीचं बसतो म्हणून दुखते. आमचं सगळं डोकंच त्या एका गोष्टीत अडकलेलं होतं. कुणाचं काही बिघडलं की ते चालवण्यात बिघडलं असणार. मला शिक्षा म्हणून नव्हे, अगदी प्रेमानं अभ्यास दिला गेला. रविवारभर त्या गोल बगीच्याभोवती फक्त उजवीकडे फेऱ्या मारायच्या. मी मारल्या. मान जास्तच आखडली. मग हॅंडल थोडं वर करून पाहिलं. मग शर्माजींनी दुकानातून सरसोंचं तेल आणून मानेला चोळलं. मग कुणीतरी म्हणालं की याच्या मनात डर बसला आहे, आणि ते मला फार लागलं. पुढच्या रविवारी मी उजव्या वळणात मुद्दाम जास्त वेगानं शिरलो.

घरी तोच प्रकार. संध्याकाळी अंगात कणकण असायची, पॅंट कमरेत सैल झाली होती. आई म्हणायची गाडीवर वारा लागतो, आणि मफलर गुंडाळायची. बायको सुनीता शाळेत शिकवते. ती म्हणायची रविवारी झोप होत नाही म्हणून अंगाला काही लागत नाही. एकूण काय, दोष मोटरसायकलचा हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

शेवटी शर्माजींनी एक पहलवान काढला. आखाड्यातला. "एक झटका देता है, बस. गर्दन ऐसे घूमेगी जैसे नई." प्रदीप आणि ते मला धरून घेऊन गेले. पहलवान साडूच्या मुलीच्या लग्नाला गेलेला होता. आम्ही हळहळत परत आलो. पुढे इंदूरच्या डॉक्टरांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या मुलीचा संसार सुखाचा होवो.

गाडीवरून दवाखान्यात

एक दिवस शिडीवर असताना माझ्या उजव्या हातातून पक्कड पडली. मी ती सोडली नव्हती. ती माझ्या बोटांत होती आणि मग नव्हती. त्याच दिवशी मी फ्रीगंजमध्ये डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समोरच्या सेंटरमधून एक्स-रे काढून आणायला सांगितलं. मी आणला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"आप आए कैसे?"

"गाड़ी से."

"कौन चला रहा था?"

"मैं ही."

ते टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. कान झाकले गेले, त्यामुळे पुढचं लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. "अब आप गर्दन बिल्कुल नहीं हिलाएँगे. समझे?"

मी सवयीनं मान हलवायला गेलो. त्यांचे हात घट्ट झाले. "हाँ भी मुँह से बोलिए."

"हाँ," मी म्हणालो.

त्यांनी मला तसंच तपासणीच्या टेबलावर निजवलं. मानेच्या अगदी वरच्या दोन हाडांना टीबीनं पोखरलं आहे, ती जागेवरून सरकू लागली आहेत, एक हिसका बसला तर हात, पाय, श्वास, काहीही जाऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं. माणूस सरळ बोलणारा होता. मला तेव्हा त्याचा राग आला. आता वाटतं, बरं झालं. मी बाहेर उभ्या केलेल्या मोटरसायकलचा विचार करत होतो, की ती साइड स्टॅंडवर आहे आणि उन्हात आहे. भीती वाटायला लागली ती नंतर, सुनीताचा आवाज बाहेर ऐकू आला तेव्हा. डॉक्टरांचा फोन गेल्यावर ती शाळेतून तशीच आली होती आणि कंपाउंडरला विचारत होती, "पेशंट कुठे आहेत?" पेशंट म्हणजे मी, हे तेव्हा कळलं.

प्रदीपनं बँकेतून धावत येऊन एक मॅटॅडोर व्हॅन ठरवली. मानेला दोन्हीकडून आधार द्यायला वाळूच्या पिशव्या हव्या होत्या, त्या नव्हत्या. समोरच्या किराण्याच्या दुकानातून मिठाच्या पिशव्या आणल्या आणि टॉवेलात गुंडाळून माझ्या दोन्ही कानांशी लावल्या. असा मी मिठात घातलेल्या कैरीसारखा इंदूरला निघालो. तो रस्ता मी शेकडो वेळा चालवला होता. मॅटॅडोरच्या तळाशी पडून फक्त पत्रा दिसत होता, तरी सांवेरच्या आधीचं वळण पाठीला बरोबर कळलं. माझं डोकं धरून प्रदीप बसला होता.

छत

डोक्याच्या दोन बाजूंना छोटी भोकं पाडून त्यात चिमटा बसवतात, त्याला दोरी, दोरीला वजन, आणि ते वजन खाटेच्या मागे लटकतं. ऐकायला जितकं भयंकर आहे तितकं ते दुखत नाही. दुखतं ते नंतरचं. म्हणजे काहीच न घडणं.

छत. पंखा. पंख्याच्या मुळाशी ओलीचा एक डाग. दिवसातून ठरलेल्या वेळी तिघं जण येऊन मला लाकडाच्या ओंडक्यासारखं एका अंगाला करायचे, पाठ पुसायचे आणि परत छताकडे लावायचे. शौचाचं भांडं, लघवीचं भांडं, आणि औषधामुळे लघवी केशरी. सुनीता चमच्यानं वरणभात भरवायची आणि वरण ओठाच्या कोपऱ्यातून वाहत कानात जायचं. पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो. मग हसणं संपलं आणि वरण कानात जातच राहिलं.

भेटायला येणारे खाटेच्या बाजूला उभे राहायचे आणि माझ्याबद्दल सुनीताशी बोलायचे. मला फक्त आवाज. कुणी वाकलं तरच चेहरा दिसायचा, तोही खालून. त्या दिवसांत मी निम्म्या नातेवाइकांना नाकपुड्यांवरून ओळखायला शिकलो. तुम्ही कुणाला भेटायला गेलात तर पायाशी उभे राहा किंवा सरळ तोंडावर वाका. बाजूला उभं राहून सफरचंद ठेवून जाऊ नका.

मी अडकलो होतो. दुसरा शब्द नाही. हात हलत होते, पाय हलत होते, आणि मला हलवायची परवानगी नव्हती. खाज, डास, घाम, यांपैकी कशापासूनही मला तोंड फिरवता येत नव्हतं. कधी कधी वाटायचं की त्या दोऱ्या ओढून काढाव्यात आणि एकदाच काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. तुम्हाला तसं वाटलं तर सांगा. सगळ्यांनाच वाटतं, असं मला नंतर शेजारच्या खाटेवरच्या माणसानं सांगितलं.

इंदूरचे डॉक्टर एका सकाळी निवांत होते. त्यांनी समजावलं की ही वरची दोन हाडंच डोकं डावीउजवीकडे फिरवतात. "हड्डी जुड़ जाएगी तो जान को ख़तरा नहीं. पर जुड़ने के बाद घूमेगी कितनी, ये मैं नहीं बता सकता."

"दाईं तरफ़?" मी विचारलं.

ते हसले. कुठली बाजू असं विचारणारा पहिलाच पेशंट, म्हणाले. त्यांना काय सांगणार? मला चालता येईल का, हे विचारायला हवं होतं. पण त्या खाटेवर मी जगण्याचा जो विचार करत होतो तो एवढाच होता, की उजवं वळण मला परत मिळेल का.

शर्माजी आले ते हातात पाना घेऊनच. नर्स ओरडत असताना त्यांनी आपल्या गाडीचा आरसा माझ्या खाटेच्या लोखंडी दांडीला घट्ट बसवला, मग माझ्या उशाशी स्वतःचा गाल टेकवून त्याचा कोन लावला. "दिखा दरवाज़ा?" दिसला. दरवाजा, त्यातून येणारी माणसं, कॉरिडॉरमधली एक खिडकी आणि खिडकीत कडुनिंबाची फांदी. मी त्या दिवशी दुपारभर झोपलो नाही.

शपथ

प्रदीप दर रविवारी यायचा. एकदा त्याला राहवलं नाही. त्यानं सुनीताला सगळं सांगून टाकलं, गोल बगीच्याभोवतीच्या फेऱ्या, तेल, पहलवान. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"म्हणजे यांची मान आतून सडून राहिली होती आणि तुम्ही यांना गोल गोल फिरवून राहिले होते?"

"वहिनी, आम्हाला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं. उठा प्रदीपभाऊ. आता इथे नाही यायचं."

आरशात मला तो दरवाज्यातून बाहेर जाताना दिसला. मग सुनीता आली आणि माझ्यावर वाकली. नवराबायकोच्या भांडणात माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो. मला ती सोय नव्हती. माझ्या सगळ्या जगात फक्त तिचा चेहरा होता.

"घ्या शपथ. पुन्हा गाडीला हात नाही लावणार."

मी डोळे मिटले.

"डोळे नका मिटू. मी बोलून राहिले आहे ना?"

मी उघडले. तिला सांगावंसं वाटत होतं की गाडीमुळे टीबी होत नाही, प्रदीपनं मला आजारी पाडलं नाही, त्यालाच नव्हे, कुणालाच कळलं नव्हतं. पण ती रडत होती आणि वाकलेली असल्यामुळे ते पाणी माझ्या तोंडावर पडत होतं. ते पुसायला माझा हात तिथवर जात नव्हता.

"घेतली," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी दोनदा अडकलेला होतो. एक चिमटा डोक्यात होता, दुसरा या शब्दाचा.

घर

पुढे चिमटा निघाला आणि कपाळापासून कमरेपर्यंत प्लास्टर आलं. तसाच उज्जैनला आलो. मालव्यातला उन्हाळा तोंडावर होता.

आईनं माझं ताट, वाटी, पेला वेगळा काढून खिडकीत ठेवला होता. आमच्या लहान मुलीला तिच्या आत्याकडे पाठवलेलं होतं. हाडांचा टीबी असा पेल्यातून पसरत नाही, हे सुनीतानं सांगितलं, मी सांगितलं, डॉक्टरांचा हवाला दिला. आई म्हणाली, "असेल. पण पेला वेगळाच बरा." मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पण प्लास्टरच्या आत घामोळ्यांनी जीव जायची पाळी आली, तेव्हा तीच स्वेटर विणायची लांब सुई घेऊन आली आणि माझ्या मागे बसून पाठीवर, खांद्यावर, मी सांगेन तिथे हळूहळू खाजवत राहिली. "इथे? अजून खाली?" तासच्या तास. पेला केव्हा खिडकीतून उचलला गेला ते मला कळलंही नाही. नंतर बघतो तर सगळ्यांच्या पेल्यांत मिसळून गेलेला होता. मुलगीही परत आली.

एक गोष्ट औषधाबद्दल सांगतो, कारण ती पुस्तकात असली तरी कुणी ऐकत नाही. बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडाव्याशा वाटतात. मळमळतं, कंटाळा येतो. तेव्हाच त्या सोडायच्या नसतात. सुनीता समोर उभी राहून माझ्या घशातून गोळी खाली उतरताना बघायची. घसा तरी कुठे दिसत होता म्हणा, प्लास्टर होतं.

त्या काळात ती मोपेड शिकली. शिकली म्हणजे काय, घेतली आणि निघाली. शाळा, औषधं, भाजी, सगळं तिच्यावर आलं होतं. प्रदीप यायचा नाही. माझी मोटरसायकल त्याच्याच पडवीत होती आणि तो रविवारी ती थोडा वेळ चालू करून ठेवतो, हे शर्माजींकडून कळलं. तेच कॉलनीच्या बातम्या आणायचे. "भिया, चौथे मोड़ पे किसी ने रेती डलवा दी. अब मकान बनेगा." मग पाचव्या वळणावर नींव खणली गेली. मी प्लास्टरमध्ये बसलेलो आणि आमचे रस्ते एकेक करून बंद होत चाललेले.

किती फिरते

प्लास्टर कापलं तेव्हा मान आपली वाटेचना. हलकी, लटपटती. डॉक्टरांनी ती डावीकडे वळवायला सांगितलं. वळली, जवळजवळ पूर्वीसारखी. उजवीकडे सांगितलं. मी वळवली. डॉक्टर थांबले.

"घुमाइए."

"घुमा दी."

नाकाच्या रेघेपासून जेमतेम थोडी सरकली होती. काही महिने व्यायाम केले, तेवढीच राहिली. "हड्डी पक्की है," ते म्हणाले. "हाथ में ताक़त पूरी आ गई. बस इधर इतना ही." गाडीचं विचारलं तेव्हा म्हणाले, चालवायला हाडाची हरकत नाही, बाकी घरी विचारा. घरी विचारायला जागा नव्हती. त्या दिवशी मी त्यांच्या बाहेरच्या बाकावर बसून रडलो. मरणातून उठलेल्या माणसानं एवढ्याशासाठी रडू नये, हे कळत होतं. तरी रडलो. सुनीता शेजारी बसून होती.

खात्यानं मला शिडीवरून काढून एक्स्चेंजमध्ये बसवलं. सुनीता शाळेला जाताना मला मोपेडवर मागे बसवून तिथे सोडायची. आता हे लिहिलेलं ती वाचणार आहे, तरी लिहितो. ती भयंकर चालवायची. वळणात ब्रेक दाबायची, नजर पुढच्या चाकावर, पाय रस्त्यावर. मी मागे. तिला सांगायची सोय नव्हती, कारण गाडी हा विषयच आमच्यात बंद होता. डाव्या वळणांना मी निभावून न्यायचो. उजवं आलं की मला त्या बाजूनं काय येतं आहे ते दिसायचं नाही, आणि ती बघायची नाही.

देवास गेट

एकटा असलो की आजही मी उजवीकडे वळत नाही. उजवीकडे जायचं असेल तर पुढे जातो, डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि येतो. दहा मिनिटांच्या ऑफिसला मला पंचवीस लागतात आणि एक्स्चेंजमध्ये यावरून माझी भरपूर टिंगल होते. पण गाडी मी चालवतो. ते कसं झालं ते सांगून थांबतो.

सकाळची वेळ होती. देवास गेटला आम्हाला उजवीकडे वळायचं होतं. सुनीतानं हात दाखवला, चाकाकडे बघत वळली, आणि उजवीकडून टेम्पोचा कर्कश हॉर्न इतक्या जवळून आला की माझ्या गुडघ्याला इंजिनाची गरमी लागली. टेम्पोवाला शिव्या देत निघून गेला. तिनं मोपेड कशीबशी कडेला, एका चहाच्या ठेल्यापाशी घेतली.

"तू उजवीकडे बघितलंच नाहीस," मी म्हणालो.

"मला एकदम दोन कामं नाही जमत. गाडी सांभाळू की तिकडे बघू?" तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही मागे बसून करून काय राहिले होते?"

"मला दिसत नाही त्या बाजूचं. तुला माहीत आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं, पण रोज मागे बसून मी कशातून जातो हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. ठेलेवाल्यानं न मागता दोन चहा पुढे केले. ती चहा प्यायली नाही. कप ठेवला, मोपेडचं हॅंडल सोडलं आणि मागे येऊन उभी राहिली.

"सरका पुढे."

"सुनीता."

"तुम्हाला चालवता येतं. मला बघता येतं. सरका."

"मी शपथ घेतली आहे."

"ती माझ्यासाठी घेतली होती ना? मग मीच सांगून राहिले आहे." मग जरा थांबून, पदर खोचत म्हणाली, "आणि प्रदीपभाऊंना रविवारी जेवायला बोलवा. केव्हाची गाडी अडकवून बसले आहेत त्यांच्या घरी."

मी पुढे बसलो. हॅंडल हातात घेतलं. ती मागे एका बाजूला बसली, एक हात माझ्या खांद्यावर, आणि तिची मान माझ्या उजव्या खांद्यावरून पुढे आली. मी चौकाच्या मधोमध जाऊन थांबलो. समोरून रिक्षा, मागून बस, आणि उजवीकडे माझ्यासाठी काहीच नाही. तिथे एक आख्खी बाजू होती आणि ती मला दिसत नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "सायकलवाला आहे. थांबा. अजून एक जीप." तिचा हात खांद्यावर घट्ट झाला. मग सैल झाला.

"वळा."

मी न बघता वळलो.